कॅन्सरची तपासणी : डॉक्टरांनी काय सांगावं, आपण काय विचारावं

अंग दुखत नाही, काम थांबत नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं? जळगाव-धुळ्याच्या गावागावांत असाच विचार होतो आणि त्यामागची कारणंही खरी आहेत. कापसाची वेचणी चालू असते, केळीला पाणी द्यायचं असतं, यंत्रमागाची पाळी चुकली की मजुरी बुडते. पण तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीला सहसा दुखत नाही. दुखायला लागतो तोवर तो बहुतेक वेळा पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. म्हणून या तिन्हींची तपासणी काहीही त्रास नसतानाच करायची असते.

ती किती जणी करतात? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेली होती. स्तनाची आणि तोंडाची तपासणी शंभरात एकीचीही झालेली नव्हती. दुसरीकडे, २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार, तोंडाच्या कॅन्सरचे १ लाख ४३ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते.

लाज, भीती, अंतर, पैसा ही कारणं आहेतच. पण एक कारण असं आहे की ते दूर करायला ना यंत्र लागतं ना इमारत: डॉक्टरांनी तपासणीचा विषयच काढलेला नसतो. रुग्ण ताप, साखर किंवा गुडघेदुखी घेऊन येतो, बाहेर रांग असते, गोळ्या लिहून दिल्या जातात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. रुग्णाला वाटतं, गरज असती तर डॉक्टर बोलले असते. डॉक्टरांना वाटतं, हवी असती तर यांनी विचारलं असतं. हा संवाद घडावा कसा, त्यासाठी हा लेख.

एका वाक्याचं वजन

अमेरिकेत लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांमध्ये कॅन्सर-तपासणीचं प्रमाण कमी का, याचा अभ्यास बरीच वर्षं चालू आहे. घरची भाषा स्पॅनिश, डॉक्टर इंग्रजी बोलणारा, हातावर पोट, विमा नाही, त्यात लाज आणि ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ ही भावना. खानदेशातल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ज्यांना डॉक्टरांनी स्वतः ‘ही तपासणी करून घ्या’ असं स्पष्ट सांगितलं, त्यांच्यात तपासणी करून घेणारे खूप जास्त असतात. सॅन फ्रान्सिस्कोत वेगवेगळ्या वंशांच्या सुमारे हजार लोकांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी ज्यांना फक्त दुर्बिणीचा पर्याय सांगितला, त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी ती केली. दुर्बीण किंवा घरून शौचाचा नमुना, यांपैकी तुम्हीच निवडा असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यापैकी ६९ टक्क्यांनी तपासणी केली. कसं सांगितलं, यावर एवढा फरक पडतो.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही हेच सांगतो. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लक्षणं लोकांना समजेल अशा बोलीत सांगितली. तेव्हा मोठी यंत्रणा नव्हती, होतं ते फक्त बोलणं. तरीही नव्या रुग्ण बायका आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं गेलं.

पुढे १९९९ पासून त्याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. ज्या गटाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्यातल्या ३४ हजारांपैकी जवळपास ८० टक्के जणींनी ती करून घेतली. ग्रामीण बायका तपासणीला येतच नाहीत, हा समज तिथे खोटा ठरला. आठ वर्षांत या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी नसलेल्या, थोड्या लहान गटात ते ६४ होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत साध्या द्रावणाने गर्भाशयमुख तपासलं आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. घरी येऊन समजावणारी, ओळखीची बाई हे दोन्हीकडचं बळ होतं.

तीन तपासण्या: नेमकं काय होतं?

वयाची ३० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी या तपासण्या सरकारी कार्यक्रमात आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. तिथे त्या मोफत असतात. त्याच वेळी साखर आणि रक्तदाबही तपासून घेता येतो.

*तोंड.* उजेडात ओठ, गाल, हिरड्या, जीभ, जिभेखालची जागा आणि टाळू पाहतात. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ आणि तोंड कमी उघडणं, या गोष्टी शोधतात. तंबाखू, गुटखा, सुपारी, मिसरी, बिडी किंवा दारू यांची सवय असेल तर ही तपासणी टाळूच नका. केरळात तिरुवनंतपुरमला झालेल्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये अशा नुसत्या पाहणीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. घरीही आरशासमोर महिन्यातून एकदा तोंड पाहता येतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर लवकर दाखवा.

*स्तन.* प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टर दोन्ही स्तन आणि काखा हातांनी तपासतात. पाळी येऊन गेल्यानंतरचे दिवस यासाठी सोयीचे. न दुखणारी गाठ, त्वचेला खळी पडणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव येणं, यांपैकी काही दिसलं तर शिबिराची वाट पाहू नका. मुंबईच्याच अभ्यासाचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. हाताने केलेल्या या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते.

*गर्भाशयमुख.* सौम्य व्हिनेगरसारखं द्रावण लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. भूल नाही, टाके नाहीत. थोडी चुणचुण होते, सगळं काही मिनिटांत संपतं आणि निकाल तिथेच कळतो. पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत. पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत ती कमी भरवशाची ठरते, म्हणून ‘माझ्यासाठी दुसरी कोणती योग्य?’ असं विचारा. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं किंवा दुर्गंधी असलेलं पाणी जाणं ही लक्षणं आहेत. अशा वेळी वय कितीही असो, थेट डॉक्टरांना दाखवा.

सरकारी कार्यक्रमात या तपासण्या साधारण पाच वर्षांनी पुन्हा करायच्या असतात. तंबाखूची सवय असेल किंवा आधी काही आढळलं असेल, तर तुम्ही कधी यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

दवाखान्यात गेल्यावर बोलायचं राहून जातं, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून लिहून घ्या. केसपेपर काढतानाच नर्सला सांगून ठेवा की आज कॅन्सरच्या तपासणीबद्दलही विचारायचं आहे. मग हे विचारा:

१. माझ्या वयाला आणि माझ्या सवयींप्रमाणे कोणती तपासणी लागते?
२. ती इथेच होते का? नसेल तर कुठे, कोणत्या वारी आणि कोणाला भेटायचं?
३. तपासणी कोण करणार? बाई डॉक्टर किंवा सिस्टर असेल का?
४. दुखेल का? किती वेळ लागेल? त्याच दिवशी कामावर जाता येईल का?
५. निकाल कधी आणि कसा कळेल? कागदावर लिहून मिळेल का?
६. काही आढळलं तर पुढची पायरी कोणती? नाही आढळलं तर परत कधी यायचं?

तंबाखूबद्दल खरं सांगा. ओरडा बसेल म्हणून पुडी लपवली, तर डॉक्टर तोंड नीट पाहणार नाहीत आणि नुकसान तुमचंच होईल. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातले सुमारे २७ प्रौढ तंबाखू वापरतात आणि त्यातले बहुतेक जण ती तोंडात धरतात. ही गोष्ट सांगणारे तुम्ही एकटे नाही. सोडायची इच्छा असेल तर १८०० ११२ ३५६ हा सरकारी मदत क्रमांक मोफत आहे.

बोली, लाज आणि घरची माणसं

खानदेशात एका दवाखान्याच्या रांगेत अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, पावरी, भिली आणि उर्दू बोलणारी माणसं शेजारी शेजारी बसतात. डॉक्टर मात्र अनेकदा पुण्याकडचे किंवा विदर्भातले असतात. समजलं नाही तरी मान हलवणं ही आपली सवय मोडायला हवी. ‘डॉक्टर, पुन्हा एकदा सोप्पं करून सांगा’ म्हणण्यात अपमान कोणाचाच नाही. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवरून येणाऱ्यांनी आशाताईला सोबत न्यावं. तिला बोली कळते, दवाखाना माहीत असतो आणि केसपेपरपासून औषधापर्यंतची वाट ती दाखवते.

दुभाष्या म्हणून लहान मुलाला किंवा मुलीला नेऊ नका. अंगावरून पांढरं जाण्याची किंवा संबंधानंतर रक्त जाण्याची गोष्ट आई मुलाच्या तोंडून सांगू शकत नाही. सासूबाई किंवा नवरा सोबत असतील तर त्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगा, असं तुम्ही डॉक्टरांना हळूच म्हणू शकता. पडदा आणि सोबत एक स्त्री कर्मचारी मागणं हा तुमचा हक्क आहे.

घरच्या पुरुषांना दोन शब्द. बायको, आई किंवा वहिनी स्वतःहून ‘मला तपासायचंय’ म्हणणार नाही. तिच्या मजुरीचा एक दिवस बुडेल आणि स्वयंपाकाला उशीर होईल, याची चिंता तिला आधी लागते. ‘तू जा, घरचं मी पाहतो’ हे तुम्हीच म्हणा. आणि तुम्ही तंबाखू खात असाल तर त्याच दिवशी स्वतःचं तोंडही दाखवा.

एचपीव्हीबद्दल एक गैरसमज घरं मोडू शकतो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, पण तो अतिशय सामान्य आहे आणि कित्येक वर्षं काही लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो. तो आढळला म्हणून कोणी कोणाशी बेइमानी केली, असा अर्थ काढता येत नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी एचपीव्हीची तपासणी असते.

भीती घालणाऱ्या बोलण्यापासून सावध राहा

डॉक्टरांचा शब्द जितका तारतो, तितकाच तो चुकीच्या वाटेलाही नेऊ शकतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पांढरं जातं, पोट दुखतं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती दाखवली गेली होती. खानदेशातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात, म्हणून हे इथे सांगणं गरजेचं आहे.

पांढरं जाणं अनेकदा जंतुसंसर्गामुळे असतं आणि तो औषधाने बरा होतो. कोणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितलं, तर तीन गोष्टी विचारा: कोणत्या तपासणीवरून हे ठरवलं? त्याचा अहवाल दाखवाल का? शस्त्रक्रियेशिवाय दुसरा उपाय काय? मग तो अहवाल घेऊन सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

निकाल हातात आल्यावर

डाग, चट्टा किंवा गाठ आढळली, म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. अजून एक तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. गर्भाशयमुखासाठी दुर्बिणीखालची तपासणी असते, तोंडासाठी किंवा स्तनासाठी छोटा तुकडा किंवा सुईने नमुना घेतात. नमुना घेतल्याने किंवा ‘लोखंड लागल्याने’ कॅन्सर पसरतो, ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी अनेकांचे मोलाचे महिने वाया जातात. गर्भाशयमुखावरचा कॅन्सरपूर्व बदल वेळीच सापडला, तर तो बाह्यरुग्ण विभागातल्या छोट्या उपचाराने काढता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

खरा धोका या टप्प्यावर असतो. तपासणी होते, चिठ्ठी मिळते आणि माणूस पुढे जातच नाही. म्हणून चिठ्ठी हातात घेतानाच नाव, जागा आणि तारीख स्पष्ट लिहून घ्या. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला कोणता विभाग आणि कोणता वार, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. साक्री किंवा मुक्ताईनगरहून एसटीने निघालेल्या माणसाला ‘आज ओपीडी नाही’ असं ऐकावं लागलं, तर तो दुसऱ्यांदा येत नाही.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. २०१२ मध्ये जीवनदायी म्हणून ही योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत धुळे होतं. आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा, योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा.

डॉक्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंसाठी

तुमच्याकडे वेळ कमी आणि रांग मोठी असते, हे मान्य आहे. तरीही एक मिनिट पुरतं. तिशीपुढच्या प्रत्येक रुग्णाला, तो कशासाठीही आलेला असो, एवढं सांगा: ‘तुमच्या वयाला ही तपासणी लागते, मी सांगतोय म्हणून करून घ्या, आज किंवा या बुधवारी.’ ‘जमलं तर करा’ असं म्हटलं की ते जमत नाही. दिवस ठरवून दिला की माणूस येतो.

सुरुवात त्यांच्या बोलीत करा. ‘काय व्हई ऱ्हायनं माय?’ एवढं म्हटलं तरी समोरची बाई मोकळी होते. यंत्र आणि द्रावण आधी दाखवा, काय होणार ते सांगा आणि तिने हो म्हटल्यावरच हात लावा. शेवटी ‘समजलं का?’ विचारून थांबू नका. ‘घरी गेल्यावर दादांना काय सांगाल?’ असं विचारा. तिच्या उत्तरावरून तिला किती समजलं ते लगेच कळतं.

‘इतके दिवस काय झोपला होता का?’ हे वाक्य दवाखान्यातून कायमचं जायला हवं. एकदा अपमान झालेली बाई परत येत नाही आणि गल्लीतल्या दहा जणींना येऊ देत नाही. जिला पुढे पाठवलं, तिला आठवड्याने एक फोन करा. आशाताईने तिच्यासोबत जाणं शक्य असेल तर जावं. लॅटिन अमेरिकी वस्त्यांत ‘प्रोमोतोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतल्याच स्त्रिया हेच काम करतात. आपल्याकडे अशी बाई जवळजवळ प्रत्येक गावात आधीच आहे. तिला वेळेवर मानधन, नीट प्रशिक्षण आणि दवाखान्यात मान मिळाला, तर खानदेशातले कितीतरी मृत्यू टळतील.

वाचकहो, तुमचं किंवा घरातल्या कोणाचं वय तिशीच्या पुढे असेल, तर पुढच्या वेळी कोणत्याही कारणाने दवाखान्यात गेल्यावर उठण्याआधी एवढं विचारा: ‘डॉक्टर, माझी कॅन्सरची कोणती तपासणी राहिली आहे?’ आणि जी राहिली असेल तिची तारीख घेऊनच घरी या.